पंचेचाळीसवर लावा

१२ मार्च, मंगळवार
रोपवाटिकेतली पत्र्याची खोली

प्रिय आत्या,

पत्राची सुरुवात 'तीर्थरूप' अशी करायची, असं शाळेत शिकवलं होतं. त्यापुढचा साष्टांग वगैरे मजकूर मी तेव्हाही शेजारच्या बाकावरून उतरवला होता, त्यामुळे आता आठवत नाही. नमस्कार मात्र खरा आहे, वाकून केलेला. गुडघा कसा आहे? अजून उभं राहूनच चष्म्याच्या काचा घासतेस, की तुझ्या त्या मालकाने एकदाचं स्टूल दिलं?

मी मजेत. सध्या एका रोपवाटिकेत आहे. याआधी सिनेमाच्या तिकीटखिडकीवर होते, त्याआधी हॉटेलच्या चादरी धूत होते, त्याआधी तंबू ठोकणाऱ्यांच्या टोळीत. तू म्हणशील, भिंगरी ती भिंगरीच. पण इथे पाच महिने झाले, आणि हा माझा विक्रम आहे. काम सोपं. खाचांच्या ट्रेमध्ये माती भरायची, प्रत्येक खाचेत एक बी, वर चिमूटभर माती, मग फवारा. आमचे माळीबुवा म्हणतात, "बी टाकताना गाणं म्हणत जाऊ नकोस, हात तालावर चालतो आणि एका खाचेत दोन पडतात." खरंच पडतात. मी मोजून पाहिलं.

फोन करता आला असता. पण फोनवर तू मध्येच "जेवलीस का?" विचारतेस, मी काय जेवले ते सांगत बसते, आणि बोलायचं ते राहून जातं. दोन वर्षं हेच चाललंय. म्हणून कागद.

आधी आभार. मी कॉलेज अर्धवट टाकून, बाबांशी कडाक्याचं भांडून, पिशवी घेऊन तुझ्या दारात उभी राहिले, तेव्हा "का सोडलंस" असं तू विचारलं नाहीस. "चपला आत घे, कुत्रा पळवतो," एवढंच म्हणालीस. चार महिने मला मागच्या खोलीत ठेवलंस. मी दिवसभर लोळत असायचे तर एक दिवस माळ्यावरून तो जुना रेकॉर्ड प्लेयर उतरवलास आणि चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारीक पेचकस घेऊन त्याची सुई स्वतः बदललीस. "वाजव काहीतरी, घर मुकं झालंय." असं म्हणाली होतीस, आठवतं? रेकॉर्ड प्लेयरची सुई इतक्या सफाईने बदलणारी बाई कधीकाळी त्या सुईच्या फार जवळ राहिलेली असणार, हे एखाद्या शहाण्या मुलीच्या लक्षात आलं असतं. माझ्या नाही आलं.

त्या प्लेयरने मला नादाला लावलं. भंगारवाल्याकडे एक ढीग मिळाला, सगळ्या बारा इंची सिंगल. म्हणजे मोठ्या रेकॉर्डवर एका बाजूला एकच गाणं, नाचण्यासाठी ताणून लांबवलेलं. नव्वद, एक्याण्णव, ब्याण्णवच्या सुमाराच्या. त्यातली प्रसिद्ध बँडची गाणी मला आवडत नसत. मला आवडायची ती बिनओळखीची, चार मित्रांनी मिळून तीनशे प्रती काढलेली, गिटार एकीकडे पळतेय आणि ढोलाचं यंत्र भलतीकडे, आणि गाणारा मध्ये उभा राहून दोघांनाही समजावतोय असं वाटणारी. नाचघरांना ती विक्षिप्त वाटली, रेडिओला लांबलचक. कुणाचीच झाली नाहीत. मला वाटायचं, ही आपल्याच जातकुळीतली.

तुझ्या कपाटाबद्दल लिहायचं आहे. पण त्याआधी पेटीबद्दल लिहायला हवं, नाहीतर कळणार नाही.

अशा रेकॉर्ड जमवणाऱ्या अकरा जणांचं एक मंडळ आहे, अकरा गावांत विखुरलेलं. त्यांची एक लाकडी पेटी आहे. पार्सलने ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरते. आपल्याकडे आली की दोन महिने सगळं ऐकायचं, एक रेकॉर्ड काढून घ्यायची, आपली एक ठेवायची, आत दोरीने बांधलेल्या वहीत ओळ लिहायची आणि पुढे पाठवायची. नियम एकच. ठेवलेली वस्तू परत मागायची नाही. मी तुझ्याकडे असतानाच मंडळात शिरले आणि तिसऱ्याच आठवड्यात पेटी माझ्या नावावर आली. तुला सांगितलं होतं, पुस्तकं आलीत.

त्या पेटीत निळ्या लेबलची एक सिंगल होती. आत्या, काय सांगू, ती ऐकून मी जेवायला उठले नाही. ती मला हवीच होती. आणि बदल्यात ठेवायला माझ्याकडे भंगारातल्या ओरखडलेल्या थाळ्यांशिवाय काही नव्हतं.

माळीबुवा हाका मारताहेत. पंप बंद पडलाय. आले.

बुधवार, दुपार

पंप काल सुरू झाला. त्यात बेडूक होता. पंपाबद्दल आणखी दोन पानं लिहू शकते, पण ती टाळाटाळ होईल.

तुझ्या कपाटात स्वेटरांच्या खाली, कागदी पाकिटात, कोऱ्या पांढऱ्या लेबलची एक रेकॉर्ड होती. लेबलवर पेन्सिलने 'दोन' लिहिलेलं. बाकी नाव नाही, गाव नाही. तू दुकानात गेली होतीस. मी ती लावून पाहिली. एक पुरुष जडावलेल्या आवाजात काहीतरी रेकत होता, जसा सर्दी झालेला माणूस झोपेत बोलतो. मला वाटलं, कुणीतरी तुझ्या गळ्यात मारलेली असेल, तू विसरूनही गेली असशील. मी ती पेटीत ठेवली आणि निळी घेतली. वहीत लिहिलं, 'अज्ञात गायक, कंटाळवाणा, पण दुर्मीळ.'

हो. मी घेतली. बाबांनी रद्दीत घातली नाही. मी घेतली.

त्याच आठवड्यात बाबा तुझी मागची खोली रंगवायला आले होते, कपाट त्यांनीच सरकवलं होतं, जुने कागद त्यांनीच बांधून दिले होते. मी तंबूवाल्यांबरोबर निघून गेल्यावर तुला फोन केला, तेव्हा तू म्हणालीस, "तुझ्या बापाने माझी एक वस्तू रद्दीत घातली. सगळ्या घरात माझी म्हणून एकच होती." मी विचारलं, "कुठली?" तू म्हणालीस, "होती एक." आणि मी म्हणाले, "हो का?"

हे 'हो का' मला दोन वर्षं पुरलंय. तू बाबांशी बोलणं टाकलंस. आजोबांच्या वर्षश्राद्धाला दोघं एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसलात, असं चुलतभावाने सांगितलं. तरी मी गप्प. रेकॉर्ड परत मिळणार नाही, मग सांगून काय होणार, अशी मी स्वतःची समजूत घालत होते.

आता डिसेंबरात काय झालं ते ऐक. पेटी फिरत फिरत एका बाईंकडे गेली. त्या ऐकू येण्याच्या मशिनी दुरुस्त करतात, म्हणून मंडळात सगळे त्यांना कानवाली म्हणतात. त्यांनी तुझी रेकॉर्ड लावली, आणि सगळ्यांना एक ध्वनिमुद्रण पाठवून खाली लिहिलं: "गाढवांनो, दोन वर्षं ही पेटीत फिरतेय आणि एकालाही कळलं नाही? पंचेचाळीसवर लावा."

मोठी रेकॉर्ड म्हणजे मिनिटाला तेहतीस फेरे, हा माझा अडाणी हिशोब. नाचाच्या सिंगल पुष्कळदा पंचेचाळीस फेऱ्यांवर कापलेल्या असतात आणि कोऱ्या लेबलवर ते कुणी लिहीत नाही. म्हणजे मी तिला जवळजवळ पाऊण वेगाने ऐकली होती, आणि हळू फिरली की आवाज जाड होतो. माझ्यावर विसंबून बाकीच्यांनीही तशीच ऐकली. वहीत 'कंटाळवाणा' लिहिलेलं होतं ना.

मी ट्रे भरत होते. फोन खिशात, एका कानात तार. आधी ढोल आला, मग गिटार, पाण्यात सूर मारल्यासारखी. मग गाणं सुरू होण्याआधी कुणीतरी "च्" केलं. बोलायला तोंड उघडण्याआधी तू करतेस ना, तसंच. गिऱ्हाइकाला भाव सांगताना, मला उठवताना, सगळीकडे. आणि मग तू गायला लागलीस.

आत्या, तू बावीस वर्षांची होतीस ना तेव्हा? माझ्याहून लहान. आणि काय तो आवाज! गोड बिड काही नाही, भांडल्यासारखा आहे, पण भांडता भांडता हसू फुटतंय असा. शेवटी तर तू खरंच हसलीस आणि ते त्यांनी तसंच ठेवलंय. माझ्या हातातला ट्रे पडला. मी वाफ्यांच्या मध्ये नाचायला लागले. माळीबुवा धावत आले, "काय चावलं? साप?" मी म्हटलं, "माझी आत्या!" त्यांनी लांबून नमस्कार केला आणि निघून गेले.

मग तिथेच मातीत बसून रडले, ते सांगत नाही.

कानवालीबाईंना फोन केला. म्हटलं, ती रेकॉर्ड मला परत हवी.

"पोरी, पेटीतली वस्तू परत मागत नाहीत. तुला नियम माहीत आहे."

"माहीत आहे. पण ती माझी नव्हती. आत्याची होती. न विचारता घेतली."

हे मी मोठ्याने पहिल्यांदा बोलले. तिकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"म्हणजे चोरीची."

"हो."

"मग ती पेटीत आलीच नाही, असं धरू. वहीतली तुझी ओळ खोडते. तू घेतलेली निळी परत पाठव. आणि कान धरून ऐक, तुझा नंबर आता शेवटी."

मंडळाच्या बाकी दहाही जणांनी होकार दिला. त्यात शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ आहेत, त्यांनी मला चार पानी पत्र पाठवलं. तरुणपणी एका नाचात त्यांनी हे गाणं एकदाच ऐकलं होतं. नाव माहीत नाही, बँड माहीत नाही, दुकानादुकानात जाऊन गुणगुणून दाखवायचे आणि लोक हसायचे. तीस वर्षं. ते लिहितात, "गाणारीला सांगा, मी वेडा नव्हतो हे तिने सिद्ध केलं." हे आभार तुझे आहेत, म्हणून पोचवते. तुझं नाव मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्यांना ते गाणं बरोबर वेगाने सगळ्यांसाठी खुलं करायचं आहे, पण कानवालीबाईंनी कुलूप घातलंय. तू हो म्हणालीस तर, नावासकट म्हणालीस तर नावासकट, नको म्हणालीस तर पुसून टाकतील. तू गाणं का सोडलंस ते मी विचारत नाही. तू मला विचारलं नव्हतंस.

रेकॉर्ड हाती यायची खात्री झाल्यावर बाबांना फोन केला. आधी त्यांना सांगायला हवं होतं, कळतंय. ते एका जिन्याचे कठडे रंगवत होते.

"बाबा, आत्याची ती रेकॉर्ड तुम्ही रद्दीत दिली नव्हती. मी नेली."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"बसपर्यंत तुझी पिशवी कोणी उचलली? मीच ना? आत एवढी चपटी गोल वस्तू. मला वाटलं ताट असेल. मग वाटलं, ही कशाला ताट नेतेय. पुढे तुझ्या आत्याने आरडाओरडा केला तेव्हा उलगडा झाला."

पिशवीत खरं तर ती निळी होती, पण त्यांचा उलगडा चुकला नव्हता. "मग तिला सांगितलं का नाही?"

ब्रश डब्याच्या काठावर निथळवतात ना, तो आवाज येत राहिला.

"ती माझ्यावर चिडली तरी बहीणच राहणार. जन्मल्यापासून चिडतेच आहे. तुझ्यावर चिडली असती, तर तू परत तिच्या दारात गेली असतीस का? माझ्या दारात येणं तर तू बंदच केलं होतंस. म्हटलं, पोरीला एक तरी घर असू दे."

आत्या, मला वाटत होतं की मी एकटी भटकतेय आणि कुणाला काही पडलेलं नाही. तिकडे माझ्यासाठी एक घर राखलेलं राहावं म्हणून बाबांनी स्वतःची बहीण गमावली होती. आणि ते घर तू होतीस.

आता शेवटचं. रेकॉर्डचं पार्सल मी बाबांच्या पत्त्यावर मागवलंय. रविवारी सकाळी अकरा वाजता ते ती घेऊन तुझ्याकडे येतील. मी त्यांना सांगितलंय की तुला सगळं कळलंय आणि तूच त्यांना बोलावलंयस. तू बोलावलेलं नाहीस, मला ठाऊक आहे. पण नुसतं "जा" म्हटलं असतं तर ते गेले नसते. "खरंच बोलावलं?" असं त्यांनी तीनदा विचारलं. मग, "पांढरा शर्ट घालू की निळा?"

हे पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल, असं पोस्टातल्या बाईंनी सांगितलंय. माझ्यावर रागाव, हवं तितकं, हवी तितकी वर्षं. पण रविवारी बेल वाजली की दार उघड आणि म्हण, "ये दादा, मीच बोलावलं होतं."

तुमच्या दोघांची,
भिंगरी