पडद्यावरचा लाल

लकडगंज, नागपूर
९ मार्च १९८७

चि. रविंद्र यास,
शामलाआत्याचे आशीर्वाद. वि. वि.

काल रविवार, ८ मार्च, सकाळी साडेदहा वाजता इतवारीतल्या विणकर सोसायटीच्या उंबरठ्यावर तुझ्या सख्ख्या बहिणीचा अपमान झाला. त्याला कारण तू पुण्याहून पाठवलेला रंगीत मॉनिटर आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं पत्र तू चहाचे घोट घेत वाचणार नाहीस.

सोसायटीने या वर्षीच्या साड्यांचे काठ आणि त्यांचे रंग ठरवायचं काम जयाला दिलं, हे तुला माहीत आहे. तिचं हे पहिलंच स्वतंत्र काम. आजवर ती चौकटीच्या कागदावर काठ काढायची आणि रंगाऱ्याच्या हातात नमुन्याचा धागा द्यायची. दिवाळीत तू कॉम्प्युटर आणून दिलास. मागून हा मॉनिटर आला, सोबत चिठ्ठी, की मी स्वतः पारखून घेतला आहे, रंगाच्या कामाला आणि खेळायला, दोन्हीला उत्तम. त्याच्या बटणांवर तू चिकटपट्टी लावली होतीस, कोणी हात लावू नये म्हणून. जयाने लावला नाही. दादाने सांगितलं म्हणजे तिला तेवढं पुरतं.

पण त्यातला लाल तिला पहिल्याच दिवशी खटकला. तिने तुला तसं कळवलं. तू उलट तिलाच शिकवलंस, की तुझ्या डोळ्यांना सवय नाही, डोळ्यांपेक्षा मशीनवर विश्वास ठेव. एवढ्यावर तुझं भागलं नाही. सोसायटीचे अध्यक्ष रुपराव यांना तू तुझ्या कॉम्प्युटर कंपनीच्या छापील कागदावर, सहीखाली हुद्दा घालून लिहून दिलंस, की पडद्यावरचे रंग अचूक आहेत.

मग जयाने धोंडबा रंगाऱ्याला घरी बोलावलं, खिडक्यांचे पडदे ओढले आणि मॉनिटरवरचा लाल दाखवला. धोंडबा म्हणाला, की ताई, हातात धागा द्या न, हा उजेड मी घरी कसा नेऊ? जयाने तुझा हवाला दिला. तो बराच वेळ काचेकडे बघत बसला आणि जे दिसलं त्याच रंगात सुताच्या लडी रंगवून घेऊन आला.

काल त्या लडी सोसायटीच्या उंबरठ्यावर मांडल्या. रंग दिव्याखाली बघायचा नाही, दारात, सकाळच्या उन्हात बघायचा, ही त्यांची जुनी रीत आहे. जयाला हवा होता कुंकवाचा लाल. उन्हात निघाला शेंदूर. रुपरावांनी एक लड उचलली आणि म्हणाले, की काहून वं बाई, हा तं मारुतीले लावाचा रंग होय, लुगड्याले कसा लावू? सगळे हसले. तिथवर मीही राग मानला नसता. पण मग त्यांनी खिशातून तुझं पत्र काढलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की भाऊ लिहून देऊन राहिला का मशीन बरोबर आहे, मंग खोट पोरीच्याच नजरेत असन. जया लडी गोळा करून माझ्या आधी रस्त्याला लागली.

कार्यकारिणीची बैठक ५ एप्रिलला आहे. काठ जया काढेल आणि रंग दुसरं कोणी ठरवेल, असा ठराव तिथे येणार आहे. काठातून रंग काढून घेतला तर उरतं काय, ते तुझ्यासारख्या इंजिनिअरलाही कळेल.

ट्रंक कॉल करू नकोस. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझी सगळी नोकरी झाली. लाइन खराब आहे असं सांगून माणसं कशाकशातून सुटतात ते मी तिथे रोज ऐकलं आहे. मला लेखी कळव, तो मॉनिटर तू नेमका कसा पारखलास?

सूनबाई गोपिकेला आशीर्वाद. तुझ्यावर माया आहेच, पण सध्या ती रागाच्या खाली दबली आहे.

तुझी आत्या,
शामला


पुणे
१३ मार्च १९८७

ती. शामलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या हातात खरोखरच चहा होता. अर्धा तसाच राहिला. तुझा राग एक्स्प्रेस डिलिव्हरीने येतो, हे गोपिकेचं म्हणणं मला आता पटलं.

आत्या, तू समजतेस तेवढं हे सोपं नाही. नागपूरला विजेचा दाब सारखा वरखाली होतो. उष्णता आहे, धूळ आहे. आणि रंग म्हणजे काही वजन नव्हे, की तराजूत टाकला आणि मोजला. दहा माणसांना दहा लाल दिसतात. चिकटपट्टी कोणी काढली तर नाही ना, ते बघ.

पारखण्याबद्दल म्हणशील, तर मी त्यात कसूर केलेली नाही. मॉनिटर दोन आठवडे घरी ठेवला आणि ऑफिसातून आलो की रोज त्यावर विमानांचा खेळ खेळलो. गोपिका त्याला सवत म्हणायला लागली होती. साध्या मॉनिटरवर विमान वेगाने गेलं की मागे रंगाची शेपटी रेंगाळते, इथे काहीच नाही. काळ्या आकाशात शत्रूची लाल विमानं पार कोपऱ्यातूनही ओळखू येतात. त्यासाठी मी रंग आणि उजेड दोन्ही मुद्दाम वाढवून ठेवले आणि मग पट्टी लावली, म्हणजे जयाला काही बघायला नको. इतका चांगला मॉनिटर मी दुसरा पाहिलेला नाही.

जयाला म्हणावं, एका लडीवरून कोणी नापास होत नाही. दादा आहे पाठीशी.

तुझा कृपाभिलाषी,
रविंद्र


लकडगंज, नागपूर
१७ मार्च १९८७

चि. रविंद्र यास,
आशीर्वाद. वि. वि.

उत्तर मिळालं. प्रामाणिक आहे, आणि तेच वाईट आहे. तू शत्रूची विमानं दिसावीत म्हणून लाल भडकवलास, त्यावर पट्टी मारलीस, आणि त्याच लालाची लेखी हमी विणकरांना दिलीस. मध्ये एकदाही तुला पडद्यावर एखादा धागा धरून बघावासा वाटला नाही?

तू केलं नाहीस ते आम्ही दोघींनी केलं. आधी मीच हट्टाने तो मॉनिटर दारात नेला, लांब वायर जोडून. रंग उन्हातच बघायचा तर हाही उन्हातच बघू, असा माझा हिशेब. तिथे पडद्यावर लाल नाही, पिवळा नाही, नुसतं माझं स्वतःचं तोंड दिसलं. ते काही काठावर छापण्यासारखं राहिलेलं नाही. समोरच्या प्रयागबाई विचारून गेल्या, की टीव्हीले ऊन देऊन राहिल्या का बाई, पापडावानी? मी हो म्हटलं.

मग आत आणला. तुझी पट्टी नखाने खरवडून काढली. जयाने कुंकवाच्या रंगाचा धागा काचेवर धरला आणि मी बटणं हळूहळू मागे फिरवली. ती थांब म्हणाली तिथे थांबले. लाल बराचसा धाग्यासारखा झाला, पण तेवढ्यात पिवळा मळकट पडला, हळदीत राख मिसळावी तसा. पिवळा सुधारला की लाल पुन्हा शेंदराकडे पळतो.

त्यानंतर मी तुझा खेळही खेळले. हसू नकोस. लाल धाग्यासारखा असताना मला शत्रूचं एकही विमान दिसलं नाही आणि मी लगोलग मेले. बटणं पुन्हा तुझ्या खुणेवर नेली, तेव्हा मी दोन पाडली, या वयात. तेव्हा माझा निकाल असा. खेळायला तुझा मॉनिटर उत्तम. काठाच्या चौकटी मांडायला, मोडायला, पुन्हा मांडायलाही फार चांगला, जयाचे आठवड्याचे कष्ट वाचतात. रंगाची हमी द्यायला मात्र निरुपयोगी. तिथे धोंडबाच्या हातात धागाच दिला पाहिजे. तुझ्या चिठ्ठीतलं अर्धं वाक्य खरं होतं. दुसऱ्या अर्ध्याने माझ्या पोरीचं नाव घालवलं.

हे सगळं मी काल रुपरावांना जाऊन सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाले, की बाई, तुम्ही आत्या, तुमचा जीव तुटणारच. तिकडं भाऊ इंजिनिअर, त्यानं सही करून देल्ली. मी कोणाचं ऐकू? मी पाणी न पिताच उठून आले.

तेव्हा ही गाठ फक्त तुलाच सोडवता येईल. तू मला जे लिहिलंस तेच रुपरावांना लिही. नवीन काही रचू नकोस.

गोपिका आणि तिची सवत यांच्यापैकी एकीबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. कोणाबद्दल, ते तूच समज.

तुझी आत्या,
शामला


लकडगंज, नागपूर
१८ मार्च १९८७

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आत्याने तुला कडक पत्र टाकलं असणार. टपालपेटीकडे जाताना तिच्या चपलांच्या आवाजावरूनच कळलं. मनाला लावून घेऊ नकोस. तुला नुकतीच बढती मिळाली आहे, त्यात माझ्यामुळे कमीपणा नको. कोणाला काही लिहू नकोस.

आणि मला वाटतं, रुपरावकाकांचंही थोडं बरोबर असेल. आत्याने बटणं फिरवली तेव्हा मी थांब म्हटलं खरं, पण मग वाटलं, जरा आधीच थांबायला हवं होतं की काय? पूर्वी असं वाटत नसे. रंग दुसऱ्याने ठरवले तर मी नुसते काठ काढीन. ते चौकटी मोजण्याचं काम आहे. त्यात चूक होत नाही.

वहिनीला नमस्कार. तब्येतीला जप.

तुझी,
जया


पुणे
२३ मार्च १९८७

ती. शामलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं आणि जयाचं, दोन्ही पत्रं मिळाली. विमानं दोनच का पाडलीस? पुढच्या वेळी डावीकडून जा.

रुपरावांना लिहायच्या पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात म्हटलं आहे, की स्थानिक वीजपुरवठ्यातील चढउतार व हवामान यांमुळे दृश्य रंगांत काही अंशी तफावत संभवते, तरी संबंधितांनी नोंद घ्यावी. यात कोणाचाच दोष निघत नाही. तू संमती दिलीस की टाइप करून पाठवतो.

आत्या, माझीही बाजू बघ. विदर्भातल्या विक्रीचं काम नुकतंच माझ्याकडे आलं आहे. मी मॉनिटर विमानं पाडून पारखला, असं कंपनीच्या कागदावर लिहिलं तर उद्या मला दारात कोण उभं करेल? आणि जयाला स्वतःला हे वाढवायचं नाही. तिनेच तसं लिहिलं आहे. ती समजूतदार आहे, आपणही समजुतीने घेऊ.

लोभात खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
रविंद्र


लकडगंज, नागपूर
२७ मार्च १९८७

चि. रविंद्र यास,
आशीर्वाद. वि. वि.

मसुदा परत पाठवत आहे. हवामानाने आजवर नागपूरकरांचं बरंच काही केलं असेल, पण तुझ्या मॉनिटरवर चिकटपट्टी त्याने लावलेली नाही. यात कोणाचाच दोष निघत नाही असं तू लिहितोस. जिथे कोणाचाच दोष निघत नाही तिथे तो जिच्यावर आधीच ठेवलेला आहे तिच्यावरच राहतो.

जया समजूतदार आहे असंही लिहितोस. तुझ्या समजूतदार बहिणीचं कालचं सांगते. कळमेश्वरला तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं. ती हिरवी साडी नेसून दारात आली आणि ब्लाउज पुढे करून मला विचारलं, की आत्या, याचा हिरवा आणि साडीचा हिरवा एकच आहे ना? रविंद्र, ही तीच मुलगी आहे, जिने सात वर्षांची असताना मला भर दुपारी इतवारीत परत पाठवलं होतं, कारण मी आणलेला दोरा तिच्या फ्रॉकपेक्षा किंचित फिका होता. तो फरक दुकानदाराला दिसला नव्हता, मला दिसला नव्हता, तिला दिसला होता. काल दारात लख्ख ऊन होतं. मी म्हटलं, एकच आहे. त्यावर तिने पुन्हा ब्लाउजकडे पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी खरं बोलते आहे का ते शोधायला.

काठाचं काम गेलं तर दुसरं मिळेल. हे गेलं तर कुठून आणू? तू तिला लिहिलंस, डोळ्यांपेक्षा मशीनवर विश्वास ठेव. तिने ऐकलं. आता ती कशावरच ठेवत नाही.

म्हणून नीट वाच. माझी परवानगी नसताना तू तिच्या नजरेविरुद्ध ग्वाही दिलीस, आता माझ्या सांगण्यावरून ती दुरुस्त कर. रुपरावांना लिही, की मी हा मॉनिटर खेळ खेळून पारखला. लाल मी स्वतः वाढवून ठेवला. तो चुकीचा आहे हे जयाने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं. एवढंच लिही. वीज नको, धूळ नको, तफावत संभवते नको. आणि कोऱ्या कागदावर नको. ज्या छापील कागदावर, ज्या हुद्द्याखाली तू तिला खोटी पाडलीस, त्याच कागदावर आणि त्याच हुद्द्याखाली लिही. विक्रीचं म्हणशील, तर रुपरावांसारखा माणूस चूक कबूल करणाऱ्याकडून पुन्हा माल घेतो. ते मी त्यांच्या तोंडून वदवून घेईन, तो भाग माझा.

बैठक रविवारी, ५ एप्रिलला आहे. तुझं पत्र शनिवारी, ४ एप्रिलला दुपारच्या टपालाने रुपरावांच्या हातात पडलं पाहिजे, आणि त्याची एक प्रत जयाच्या नावे घरी आली पाहिजे. माझ्या नावे नको. पाकीट तिने फोडायचं आहे.

रजिस्टर्ड पोस्टाने पाठव. आलं नाही तर रविवारी मी बैठकीला जाईनच, पण तिथून आल्यावर तुला पत्र लिहायला माझ्याकडे काही उरलेलं नसेल.

लेखी उत्तराची वाट बघणारी,
तुझी आत्या,
शामला