छातीचा फोटो

आई, मी आता लातूरला धाकट्याकडं राहायला आले. बीदरचं घर बंद केलं. परवा सून मला इथल्या नव्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाईंनी जुन्या तपासण्या मागितल्या, तर सुनेनं मोबाइल पुढं केला. बीदरच्या दवाखान्यातलं सगळं त्यात होतं, रक्ताचं, हृदयाचं, छातीचा फोटोसुद्धा. बाईंनी बोटानं वर-खाली करून बघितलं आणि याच गोळ्या चालू ठेवा म्हणाल्या. मी खुर्चीतच बसून राहिले. सुनेला वाटलं, चक्कर आली. तुझ्या छातीचा फोटो नव्या डॉक्टरांपर्यंत न्यायला आम्हाला काय करावं लागलं, ते तिला कुठनं सांगायला सुरुवात करू?

तेव्हा हैदराबाद राज्य होतं. अप्पांनी चिटगुप्प्याहून गुलबर्ग्याला बदली मागून घेतली ती काकूमुळं. थोरल्या काकांची बायको ती, घर सगळं तिच्या मुठीत. तुझ्या थुंकीत क्षय निघाल्यावर तिनं आधी तुझं ताट वेगळं केलं, मग अंथरूण जनावरांच्या पडवीत घातलं, आणि एक दिवस तुझ्या देखतच अप्पांना म्हणाली, "भावजी, माझ्या लेकरांना लागलं तर काय करू? हिला घेऊन कुठंबी जावा." तू मान वर केली नाहीस. आपण इतक्या घाईनं निघालो, की हैदराबादला काढलेला तुझ्या छातीचा फोटो आणि तपासणीचे कागद असलेलं पाकीट तिथंच फडताळात राहिलं.

गुलबर्ग्याच्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला. उजव्या बाजूला वर मोठा डाग. त्यांनी अप्पांना उर्दूत समजावलं, ते मलाही कळलं. क्षयावरची सुई नवीनच आली होती आणि फार थोड्यांना मिळत होती. ज्याचं फुप्फुस वाचण्यासारखं असेल त्यालाच ते देत. डाग वाढतोय की आहे तेवढाच आहे, हे जुन्या फोटोशिवाय कसं सांगणार? "पुराना फोटो लाव, फिर देखते," एवढंच म्हणाले.

रविवारी अप्पा आणि मी हुमनाबादला मोटार बदलून चिटगुप्प्याला गेलो. अप्पा काकांपाशी ओसरीवरच बसले, त्यांना काकूसमोर जायचा धीर नव्हता. मी आत जाते. काकू चुलीपुढं भाकरी करायलीय. आधी जेव म्हणते. मला कडकडून भूक लागलेली. गरम भाकरी, पुंडीची भाजी, वर तेल. जेवण झाल्यावर मी पाकिटाचं विचारलं, तर तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, कागद चुलीत घातले, रोगाचे कागद घरात कशाला ठेवायचे. आणि फोटो मुलांनी गिराण बघायला कापून घेतला. सूर्याला ग्रहण लागलं होतं तेव्हा, काळ्या फिलमीतनं डोळे दिपत नाहीत असं काकांनीच सांगितलं म्हणे.

"कामून कापलं, काकू? आईचं होतं ते."

तिनं भाकरी उलटली. "ती काय वाचणार हाय व्हय? पोरांनी सूर्य तरी बघितला."

चुलतभावांनी तुकडे आणून दिले. एक शेजारच्या मुलानं नेला होता, तो काही सापडला नाही. मी जमिनीवर तुकडे जुळवून बघितले. तुझ्या बरगड्या कात्रीनं वेड्यावाकड्या तुटलेल्या. नेमकी उजवी वरची बाजू नव्हती.

डॉक्टरांनी ते तुकडे खिडकीच्या काचेवर धरले. मोकळ्या जागेकडं बघत राहिले. कुणी कापलं, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी तुकडे टेबलावर ठेवले, हात धुतले आणि म्हणाले, पावसाळ्यानंतर दुसरा फोटो काढू, तो आत्ताच्याशी ताडून बघू, मग कळेल. सुईचं नावही काढलं नाही. तू भिंतीकडच्या बाकावर बसली होतीस. मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "दिसला का?"

मला समजलं नाही.

"सूर्य. माझ्या छातीतनं दिसला का त्यांना?"

मी व्हय म्हणाले. तू हसलीस. हसता हसता खोकल्याची उबळ आली, आणि अप्पा तोंड फिरवून बाहेर गेले.

घरी आल्यावर तू मला वेगळंच विचारलंस. तिच्या हातचं जेवलीस का? मी म्हणाले, भूक लागली होती. तू म्हणालीस, "मग तिकडंच जा. मी मेल्यावर जायचंच हाय तुला, आत्ताच जा." आणि भिंतीकडं तोंड केलंस. त्यानंतर कितीतरी दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाहीस. तहानेनं ओठ फुटायचे, तरी अप्पा कचेरीतनं यायची वाट बघायचीस. मी तांब्या घेऊन उभी असायची आणि तू डोळे मिटून घ्यायचीस. काकूचं तू काही वाकडं करू शकत नव्हतीस. हाताशी मी होते.

दुसरा फोटो काढायची वेळ आली नाही. पावसाळा सरायच्या आधीच तू गेलीस आणि अप्पांनी मला चिटगुप्प्याला पाठवलं. काकूनं मला ठेवून घेतलं. डोक्याला तेल घातलं, तिच्या लुगड्याची रजई शिवून दिली. त्याच हिवाळ्यात मला विषमज्वर झाला. डॉक्टर म्हणाले, पोरीला वेगळं ठेवा. तिनं ठेवलं नाही. मला कुशीत घेऊन निजायची, तिची स्वतःची लेकरं त्याच खोलीत असताना. तुझ्या फोटोबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही. माझं लग्नही तिनंच लावलं.

हे पत्र पाठवायला पत्ता असता, तरी मी पाठवलं नसतं. त्या तापात मी काकूला आई म्हणून हाक मारली. शुद्ध नव्हती, असं समजून तू ते सोडून दिलं असतंस कदाचित. पण ताप उतरल्यावरही मी तिला आईच म्हणत राहिले, ती मरेपर्यंत.