उंबऱ्याची ओळ

२९ एप्रिल १९९६
झालं एकदाचं! वर्षभर लिहीत होते, ते सगळ्या साइटसाठीचं एकच स्पेसिफिकेशन आज बाइंड होऊन आलं. इतके दिवस बसवनगुडीच्या घराला दार सात फुटी, मारतहळ्ळीच्या घराला पावणेसात, आणि प्लास्टरमध्ये वाळू किती हे गवंड्याच्या मूडवर. राव सरांनी (ऑफिस त्यांचं, शेवटचा शब्दही त्यांचा) पानं चाळली. म्हणाले, आधी आनेकलच्या साइटवर वापरून बघू. तिथं निभावलं तर सगळीकडे लागू, नाही तर कपाटात.
घरी नवऱ्याने, विवेकने, बदामी आंबे आणून ठेवलेले. दोघांनी हात बरबटवून खाल्ले. मजेत आहे मी.

३ मे
आनेकल. कारखान्यातल्या कामगारांची सोसायटी, बैठी घरं. दारांच्या चौकटी आल्या, सगळ्या एकसारख्या. टेप लावून बघितला, कुठे केसभर फरक नाही. जीव सुखावला. चौकटी तीनच बाजूंच्या, खाली आडवं लाकूड नाही. फरशी सलग जाते, पाणी सरळ बाहेर ढकलता येतं. डोकं माझंच!
पहिल्या घराच्या चौकटीची पूजा गुरुवारी. इकडे आधी मुख्य दार पूजा करून उभं करतात, मग भिंती.

९ मे
फजिती. फजितीच.
पहिलं घर ललितक्कांचं. नवरा सोसायटीचा सेक्रेटरी, घरात मराठी, पण कैक पिढ्या इथल्याच, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. हळदकुंकवाचं ताट घेऊन आल्या, वाकल्या, आणि तशाच थांबल्या.
"अक्का, उंबरा कुठं ठेवलाय?"
मी सुताराकडे पाहिलं.
"स्वल्प गाडीत बघा की. राहिला असंल."
कुठला राहतोय! सुतार म्हणाला, मॅडमच्या पुस्तकात नाही. खरंच नाही. आणि मी रोज सकाळी उंबरा पुसून, दोन बोटं रांगोळी ओढून ऑफिसला जाणारी बाई! कागदावर मात्र मुख्य दार काय, न्हाणीचं काय, सगळी दारं सारखीच दिसली. काखेत कळसा अन् गावाला वळसा.
ललितक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "सरी, उंबरा आला की बोलवा," म्हणाल्या आणि ताट पदराखाली घेतलं. वर सगळ्यांना भिजवलेल्या डाळीची कोसंबरी वाटली.

१० मे
विवेक: "लक्ष्मी येणार कशावरून? तुझ्या पुस्तकात तिची सोयच नाही." आधी चिडले, मग हसूच आलं.
राव सर ओरडले नाहीत. दुरुस्त कर म्हणाले. केलं. मुख्य दाराला उंबरा, लाकूड अमुक, उंची तमुक, सर्व घरांना सारखा. संपला विषय.

१४ मे
कुठला संपतोय.
सोसायटीची मीटिंग. कडेच्या घराचा फ्रान्सिस उभा राहिला. वडील चाकांच्या खुर्चीत असतात, उंबरा आला की खुर्ची अडणार. म्हणाला, "मॅडम, तुमचं आधीचंच बरं होतं." (एक तरी चाहता!) मी तोंड उघडायच्या आत ललितक्का: "मग त्यांच्याकडं नको. आम्हाला पाहिजे. त्यात काय?"
त्यात काय! बसमध्ये बसून लिहिलं: मुख्य दाराचा उंबरा, घरच्यांना विचारून.

१६ मे
सरांनी ती ओळ वाचून चष्मा काढला. "विचारून? हे स्पेसिफिकेशन आहे की लग्नाची बोलणी?" एका ओळीत विचारलं की उद्या प्रत्येक साइट प्रत्येक गोष्टीत विचारणार, मग पुन्हा पहिले पाढे. चूक नाही त्यांचं. तीच तर पंचाईत.
म्हणाले, ही ओळ खोड, आत्ता सही करतो. सगळीकडे लागू.
पेन हातात होतं. वर्षभराचं काम. सोमवारपर्यंत वेळ द्या म्हटलं.

१९ मे
रविवार असून आनेकलला गेले. ललितक्कांची चौकट उंबऱ्यासकट उभी राहिली. पहिलं कुंकू त्यांनी मला लावायला लावलं. डोळे भरून आले, आता इथे लिहायला काय लाजायचं.
फ्रान्सिसकडे बिनउंबऱ्याची उभी आहे. जमीन खडबडीत म्हणून त्याने फळी टाकली. त्याच्या वडिलांनी खुर्ची स्वतः ढकलली. भिंती कुठेच नाहीत, कुठूनही आत जाता आलं असतं, पण म्हातारा बरोबर दारातून गेला. वळला, बाहेर आला, पुन्हा गेला. आम्ही सगळे हसत होतो, तोही.
निघताना म्हातारा मला म्हणाला, पुढच्या घरांनाही असंच विचाराल ना?
हो म्हणाले. पटकन, सरांचा विचार न करता.
ओळ अजून खोडलेली नाही. उद्या सोमवार.