केसांच्या तेलाचं कुरियर

बाबा,

बँकेत जाऊन आले, आता कामावर पळतेय. तुमचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही. त्या तेलवाल्या कंपनीची कटकट मिटली. ‘पहिली बाटली फुकट’ म्हणत कार्डाचा नंबर घेतला आणि आई जाऊन चार महिने झाले तरी मेले दर महिन्याला पैसे कापतायत! बँकेने तिचं कार्डच बंद केलं. आता कुरियर आलं तर सही करू नका, सरळ परत पाठवा.

काल मी आईवर फार तोंडसुख घेतलं. एवढी शहाणी बाई, केमोने गेलेले केस परत येतील म्हणून असल्या भामट्यांच्या नादी लागलीच कशी, म्हणाले. तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. आज बँकेतल्या बाईंनी कंपनीकडून मागवलेला पहिल्या ऑर्डरचा कागद दाखवला. त्यावर फोन नंबर तुमचा आहे. तारीख, तिने कंगवा कचऱ्यात टाकला त्या दिवसाची.

कपाटातल्या बाटल्या टाकणार होते, पण राहू देत.

तो कंगवा तेव्हा मी गुपचूप उचलून ठेवला होता. तुमच्या उशाशी ठेवलाय.

— छोटी