गोपिका आत्याचा पाटोडी रस्सा

अहो,

मी कन्हानले जाऊन राहिली, संध्याकाळच्या बसनं येते. भात झाकून ठेवला आहे, रस्सा तेवढा गरम करून घ्या.

उद्या महिला मंडळात इतिहासातल्या एखाद्या धीट बाईच्या नावानं पदार्थ करायचा आहे. बाकीच्यांनी राण्या वाटून घेतल्या. मी तुमच्या गोपिका आत्याचं नाव दिलं. ती पुस्तकात नाही, पण सासर सोडून खाणीतल्या मजुरांसाठी खानावळ तिनंच काढली. तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा तुमच्या घरचा नेम मले ठाऊक आहे.

आजचा रस्सा माझ्या हातचा आहे. रविवारसारखा नाही लागला तर कुरकुरू नका. रविवारी तुम्ही तीनदा मागून घेतला, तो आत्यानं डब्यात पाठवला होता. तोच शिकायले तिच्याकडे चालली.

— कौशल्या