वाद जिंकल्याची तक्रार

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांच्या सद्यःस्थितीत तो कागदावरच घडू शकतो, गोड मानून घ्यावा.) तुझ्या डोळ्याचे ऑपरेशन व्यवस्थित पार पडले आणि भावोजी तुला आता स्पष्ट दिसू लागले, असे कळले. पहिल्या गोष्टीबद्दल अभिनंदन, दुसरीबद्दल सहानुभूती. आमच्याकडे सर्व क्षेम आहे; मात्र हे विधान सिद्ध करण्याची जबाबदारी मी घेत नाही.

तुझ्या भाचीची शाळा संपली. उत्तम गुणांनी संपली. ती उत्तीर्ण व्हावी म्हणून मी इतकी वर्षे तिच्या मागे लागलो होतो, तेव्हा आनंद होणे क्रमप्राप्त होते आणि तो मी रीतसर केला. उत्तीर्ण झालेले मूल शाळेतून जाते, एवढे तर्कशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक या नात्याने मला ठाऊक होते. ते पाठोपाठ घरातूनही जाते, हे त्यातूनच निघणारे अनुमान माझ्या नजरेतून निसटले. निरोप समारंभात मुख्याध्यापिकाबाईंनी ‘शाळा हे मुलांचे दुसरे घर’ असे सांगताच शेजारच्या खुर्चीतील दातांच्या डॉक्टरने (म्हणजे तुझ्या भावजयीने) रुमाल काढला. दुसरे घर सुटताना एवढा थाट, तर पहिले सुटताना बँड लावायचा काय, अशी माफक शंका मी विचारली. तिने मला चिमटा काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते त्यामुळे. घरी येताच शाळेचा निळा स्वेटर फडक्यांच्या ढिगात टाकावा, असा ठराव मीच मांडला आणि मंजूर करून घेतला, यावरून माझी अलिप्तता ध्यानात यावी.

आता मूळ दुर्घटना. कन्येला तुझ्या गावच्या कॉलेजात शिकायचे आहे आणि तुझ्या वरच्या खोलीत राहायचे आहे. आमच्या घरचा नियम तुला माहीत आहे: ज्याला जे हवे, त्याने त्याच्या विरुद्ध बाजूने बोलायचे, आणि जी बाजू जिंकेल तसे घडायचे. नियम माझाच, त्याने बुद्धी निःपक्षपाती होते. (लहानपणी कुत्रा हवा म्हणून तिने कुत्र्याविरुद्ध भाषण केले. ते इतके प्रभावी झाले की आमच्या घरात आजतागायत कुत्रा नाही.) तेव्हा तिने घरी राहण्याच्या बाजूने बोलायचे, मी जाण्याच्या, न्यायाधीश तिची आई, हातात चमचा, पुढ्यात पेला. माझा बेत सरळ होता: रटाळ बोलायचे आणि सपशेल हरायचे. (त्यासाठी मला वेगळी तयारी लागणार नाही, असे न्यायाधीशांनी आधीच नमूद केले.)

पण ही पोरगी! उभी राहिली आणि म्हणाली, “घरी राहणारे सुखी असतात. आपलं कपाट कायम घरी असतं. म्हणजे कपाट सुखी आहे.” ताई, मी पेन्सिल घट्ट धरून बसलो. मग म्हणाली, “शेजारचे काका परगावी गेले आणि त्यांचे दात पडले. म्हणजे प्रवासाने दात पडतात.” यावर दातांच्या डॉक्टरने मान डोलावली! जन्मभर ज्या हेत्वाभासांशी मी लढलो, ते माझ्याच जेवणाच्या टेबलावर मोकाट फिरत होते. मी उठलो. कपाट खोडले, दात खोडले, आणि ओघात असेही सिद्ध केले की, काही आईबाप स्वतःच्या एकटेपणाला मुलांच्या हिताचे नाव देतात. हे वाक्य कोणाविषयी होते, ते खाली बसल्यावर उमगले.

शेवटी तिने एकच मुद्दा मांडला. “तिथे माझं चुकलं तर खोडून कोण काढणार?” यात दोष सापडेना. मी पुष्कळ शोधला. तेवढ्यात पेल्यावर चमचा वाजला. “वेळ संपली. जिंकलात हो. ती जाणार.” कन्या गळ्यात पडून म्हणाली, “बाबा, काय बोललात! मला तर पटलंच!” आजवर इतक्या सफाईने मला कोणी जिंकू दिलेले नाही.

तुझा विजयी,
धाकटा भाऊ

ता. क. खोली उपलब्ध आहे, या गृहीतकावर हा सारा निर्णय उभा आहे. गृहीतक पडले की निष्कर्ष पडतो. तरी तुझी वरची खोली गळते, असे दोन ओळींत कळवावे. खरोखर गळत नसल्यास भावोजींना छपरावर पाठवावे. त्यांनी हात लावलेली वस्तू सहसा टिकत नाही.

ता. क. २ वरील ता. क. रद्द. आधी निष्कर्ष ठरवून मागाहून पुरावा जमवणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करत असे. ती येईल. फक्त रोज जेवताना तिच्यासमोर एखादे धडधडीत चुकीचे अनुमान टाकावे. (तुला फार कष्ट पडणार नाहीत.) ती तत्काळ तुटून पडेल. ज्या दिवशी ते न खोडता गप्प जेवेल, त्या दिवशी तिला घरची आठवण येते आहे असे समजून मला फोन करावा. माझी बॅग भरलेली आहे.

ता. क. ३ वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून लिहिते. बॅग मी उघडून पाहिली. आत दाढीचं सामान नाही, गोळ्या नाहीत. फडक्यांतून नाहीसा झालेला निळा स्वेटर तेवढा आहे, नीट घडी घातलेला. खोली गळत असेल तर दुरुस्त करून ठेवा, आणि गाद्या दोन घाला.