हळदीची बाजू

आई, तुझा देव मी एक्स-रेच्या टेबलावर ठेवला, आणि त्यात जे दिसलं त्यातून मी अजून सावरलेली नाही.

देव म्हणजे निमोण्याच्या घरातल्या देवळीतला तो दगड. आजोबांना मेंढरं चारताना ओढ्यात सापडलेली मुठीएवढी गारगोटी. हलवली की आत काहीतरी खुळखुळायचं. घरात काही ठरवायचं असलं की थोरल्या सुनेनं, म्हणजे तू, आंघोळ करून त्याला ओली हळद लावायची, प्रश्न विचारायचा आणि सगळ्यांसमोर हलवायचा. वाजला तर होकार, गप्प राहिला तर नकार. आप्पा नवरा म्हणून तुझं कधी ऐकायचे नाहीत, पण दगडापुढं मान तुकवायचे. तुझं मत त्या घरात कुणी विचारलेलं मला आठवत नाही. ओसरीवर पुरुषांची बोलणी चालायची आणि तू चुलीपुढं भाकरी थापत असायचीस. एकदा सणाला मी हौसेनं त्याला हळद लावायला गेले, तर तू माझा हात झटकलास. ‘तिथं न्हाई. हळद कायम ह्याच अंगाला लावायची.’ मला वाटलं, देवाचं कपाळ त्या बाजूला असेल.

भावानं जुनं घर पाडायला काढलं तेव्हा तुझी आठवण म्हणून मी तो दौंडला आणला. इथं मी एका एक्स-रे सेंटरमध्ये पावत्या फाडते. परवा गावाहून थेट कामावर आले आणि पिशवीत दगड खुळखुळला. दुपारची वेळ, पेशंट कुणी नाही. एक्स-रे काढणारा पोरगा म्हणाला, बघूया तरी आत काय आहे. दगड आतून पोकळ आहे, आई. पोकळीच्या भिंतींवर चहूबाजूंनी टोकदार स्फटिक उगवलेले आहेत, आणि त्यातला एक कधीतरी तुटून सुटा झालाय. तोच इकडून तिकडं आपटतो. इथवर मला काही वाटलं नाही. मग त्यानं दगड फिरवून दुसरी फिल्म काढली. एका अंगाला दोन स्फटिकांच्या मध्ये खाच आहे. ती बाजू खाली धरली की सुटा खडा तिथं जाऊन अडकतो, मग कितीही हलवा, आवाज येत नाही. उलटा करून ठोकला की पुन्हा सुटतो. त्या खाचेच्या बरोबर बाहेर हळदीचा जुना डाग होता. पोरानं खुर्ची पुढं केली आणि शुगर कमी झाली का विचारलं.

मी पोलीस भरतीत निवडले गेले होते ते आठवतंय ना? मेंढरांमागं धावून धावून तयार झालेले पाय माझे, मैदानात मी सगळ्या पोरींना मागं टाकलं होतं. आप्पासुद्धा राजी होते. तळेगावच्या बाजारातून त्यांनी माझ्यासाठी पत्र्याची ट्रंक आणली होती. तू म्हणालीस, एकदा देवाला विचारू. तीनदा हलवलास, तीनदा गप्प. ‘न्हाई म्हनतोय,’ म्हणालीस आणि माझ्याकडं न बघता जेवायला वाढायला उठलीस. ताट पुढं सरकवताना तुझा तळहात पिवळाधमक होता. ट्रंकेत पुढं बाजरी भरली गेली आणि वर्षाच्या आत मला दौंडला दिलं. त्या दगडाला मी मनात किती शिव्या घातल्या असतील. तुला एकही नाही. उलट तुझी कीवच यायची, बिचारी देवभोळी बाई म्हणून. कसली देवभोळी आणि कसली बिचारी.

आत्याला दोन पोरांच्या बापाचं स्थळ आलं होतं, तेव्हाही दगड गप्प राहिला आणि आत्या वाचली. आप्पा मेंढरं विकून यवतला ढाबा टाकायला निघाले होते, तेव्हाही. ते नकार मी आजवर कौतुकानं सांगत आले. म्हणजे तेही तुझेच. त्या घरात ‘नाही’ म्हणायला तुझ्याकडं दुसरी सोय नव्हती, ते मला कळतं. पण मग माझ्यावर का चालवलीस? माझी काळजी वाटली, की मी गेल्यावर तुझ्याशी बोलायला कुणी उरणार नव्हतं? मला तुझा राग आलाय, आई. आणि तो ऐकून घ्यायला तू नाहीस, याचा जास्त आलाय.

अजून एक आहे. तुझी नात रेल्वेत असिस्टंट लोको पायलट म्हणून लागली. पोस्टिंग बिलासपूरला, रविवारी निघायचंय. काल स्वयंपाकघरात तिला दगड दिसला. एक्स-रेचं मी घरी बोलले नव्हते. हसत म्हणाली, आजीच्या देवाला विचार की, जाऊ का म्हणून. मी हात पुसले, दगड उचलला आणि हलवला. वाजला नाही. पुन्हा हलवला, तरी नाही. देव झोपला वाटतं, म्हणत ती बाहेर गेली. मी मूठ उघडली तर पिवळी बाजू तळहाताला टेकलेली. चुकून धरली गेली असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण चुकून नाही, आई. मी ती बोटांनी चाचपून शोधली होती.

आज सकाळी तिची बॅग अर्धीच भरलेली दिसली. चहा पिता पिता तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘मम्मी, काल तो खरंच वाजला नाही ना गं?’

मी म्हणाले, नाही.

दगड ओट्यावर आहे. उलटा करून ठोकायचा आणि तिच्या हातात द्यायचा, एवढंच काम आहे. ती आत बॅगेपाशी बसलीये, आणि मी इथं तुला लिहीत बसलेय.